सत्तेचाळीस नंबरचे कार्ड

दर दीड महिन्याने तो मंगळवार यायचा, आणि त्या मंगळवारी सकाळी दहाच्या ठोक्याला आर्लीन ट्वेट फोन कानाशी धरण्यापूर्वी क्षणभर डोळे मिटायची. कोणी विचारलेच तर म्हणायची, चष्म्याने डोळे दुखतात. खरे कारण तिने कधी कोणाला सांगितले नाही. रविवारी चर्चमध्ये समूहगानाला उभे राहिल्यावर, पहिला स्वर लावण्याआधी, ती जशी डोळे मिटून उभी राही, तशीच ती इथेही थांबत असे. आता आपल्याला बोलायचे नाही, ऐकायचे आहे, एवढे मनाला सांगायला तो एक क्षण तिला पुरे होई.

सेंट ऑलरिक शहरात, नदीच्या वळणावर, मध्यवर्ती बँकेची प्रादेशिक कचेरी आहे. तिच्या चौथ्या मजल्यावर संशोधन विभाग. महागाई का चढते, बँका कर्ज देताना हात केव्हा आखडतात, व्याजाचा दर हलला की बाजार किती दिवसांनी हलतो, या प्रश्नांनी तिथले भिंतीवरचे फळे भरलेले असत. पंडितांच्या त्या मेळ्यात पदवी नसलेली अशी आर्लीन एकटी होती. पण वर्षातून आठ वेळा जो प्रदेशाचा अहवाल राजधानीला जाई, तो अहवाल व्याजदर ठरवणारी वडीलधारी मंडळी बैठकीला बसण्यापूर्वी वाचत, आणि त्यात माणसांचा आवाज जो काही येई, तो आर्लीनच्या कानातून येई.

तिच्या टेबलावर एक लाकडी पेटी होती. पेटीत एकशे बारा कार्डे. एकेका कार्डावर एकेक माणूस: बेकरीवाली, ट्रकवाला, मोटेल चालवणारी विधवा, लाकडाच्या वखारीचा मालक, छोट्या गावातल्या बँकेचा व्यवस्थापक. नाव पेटीबाहेर जायचे नाही, एकाचे बोलणे दुसऱ्याला सांगायचे नाही, हे तिचे व्रत. प्रश्न चारच. गिऱ्हाईक, भाव, कामाला माणसे आणि कर्ज. मागच्या वेळेपेक्षा चढले, उतरले, की तसेच? प्रश्न विचारला की आर्लीन गप्प राही आणि मनात सातपर्यंत मोजे. पहिल्या तीन अंकांत माणूस सभ्यपणाचे उत्तर देतो. चौथ्या-पाचव्याला तो अस्वस्थ होतो. सहाव्याला श्वास घेतो. आणि सातव्याला, देवाची कृपा असेल तर, खरे बोलतो.

सत्तेचाळीस नंबरचे कार्ड हेल्मर रास्कूचे. उत्तरेकडे, सरोवरांच्या मुलखात, हेरॉन बे नावाच्या गावात त्याचे बोटींच्या मोटारींचे दुकान. सव्वीस वर्षांत दोघांनी एकमेकांना पाहिलेले नव्हते.

"हेल्मर, मी आर्लीन. बँकेतून."

"कुठल्या बँकेतून? बुडाली का?"

"बुडाली असती तर इतक्या गोड आवाजात बोलले असते का मी?"

"गोड? तुला कोणी सांगितलं? उणे वीसच्या थंडीत माझी मोटार सुरू होते ना, तिचा आवाज याहून बरा असतो."

"बरं. गिऱ्हाईक?"

"तसंच."

"भाव?"

"तसंच."

"कामाला माणसं?"

"एक पुतण्या. तोही तसाच."

आणि मग सात अंकांची ती शांतता. तिच्या तळाशी कधी खुर्ची करकरे, कधी कुत्रा जांभई देई, आणि हेल्मर हळूच म्हणे, "दोघातिघांनी यंदा नवी घेतली नाही गं. जुनीच दुरुस्त करून मागितली." कार्डाच्या शेवटी 'शेरा' नावाचा रकाना होता, संगणकात कधीच न चढणारा. त्यात आर्लीन लिही: खुर्ची दोनदा करकरली. नवी मोटार कोणी विचारली नाही.

ऑक्टोबरात आर्लीनच्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली आणि पाच महिने ती घरी बसली. सहकारी हॉटडिशची, म्हणजे बटाटे-मांस घालून भट्टीत भाजलेल्या पदार्थाची, भांडी घेऊन येत. टेस्सा ब्रॉडी नावाची तरुण अर्थतज्ज्ञही एकदा घेऊन आली. तिचे बटाटे इतके खारट होते की आर्लीनने ते डोळ्यांत पाणी आणून खाल्ले, आणि टेस्साला वाटले बाईंना गहिवरून आले. तेव्हापासून दोघींचे जमले. या पाच महिन्यांत फोनची जागा संगणकावरच्या फॉर्मने घेतली. तीन अहवाल आर्लीनच्या कानाविना निघाले.

मार्चमधल्या एका सोमवारी ती काठी टेकत परत रुजू झाली. एप्रिलअखेर तिची निवृत्ती. त्याच शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता नव्या अहवालाची मुदत संपत होती. पाचनंतर प्रत्यक्ष देवदूत येऊन काही सांगू लागला तरी ते अहवालात घ्यायचे नाही, असा कडक नेम.

शुक्रवारी दुपारी टेस्साने मसुदा तिच्यापुढे ठेवला. "बघून घ्या, आर्लीन. या वेळी उत्तरेचं सोपं आहे."

त्यात ओळ होती: उत्तरेकडील सरोवरांच्या भागात कर्जपुरवठ्यात बदल नाही.

आर्लीनने पडद्यावर तो भाग उघडला. नऊ माणसे. सत्तेचाळीस: तसेच. त्याआधी तसेच. त्याही आधी तसेच. तिने शेऱ्याचा रकाना शोधला. तो नव्हताच.

"टेस्सा, सत्तेचाळीस नंबरने फॉर्म भरला?"

"नाही. तीनदा पाठवला. त्या भागातल्या नवांपैकी सात जणांनी भरलेलाच नाही."

"मग हे 'तसंच' म्हणालं कोण?"

"यंत्र म्हणालं." टेस्सा हसली. "उत्तर आलं नाही तर मागचं उत्तर पुढे आणायचं. तुमचाच तर नियम."

"माझा?"

"तुमच्या वीस वर्षांच्या कार्डांवरून घेतलाय. तिथे उत्तराचं एकही घर रिकामं नाही. फोन लागला नाही की तुम्ही दोन छोट्या रेघा मारायच्या. वरीलप्रमाणे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने यंत्राला तेच शिकवलं."

आर्लीनने पेटीतले एक जुने कार्ड उपसून पाहिले.

त्या दोन रेघा! एका जानेवारीत उत्तरेला वादळ झाले होते. एका ट्रकवाल्याची आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, आणि त्याचा फोन लागत नव्हता. सलग दोनदा उत्तर दिले नाही की माणसाचे नाव यादीतून काढायचे, असा विभागाचा शिरस्ता. त्याची ही दुसरी वेळ. घरात आई मरणाशी झुंजते आहे, आणि त्याच आठवड्यात आपण त्याला यादीतून काढायचे? आर्लीनने पेन्सिलीने दोन रेघा मारल्या. पुढच्या खेपेला त्याचा फोन लागला, तो रडला, तिने ऐकले, आणि नाव राहिले. मग दुसऱ्या एका हिवाळ्यात बेकरीवालीसाठी. मग वखारवाल्यासाठी. प्रत्येक रेघ मायेची होती, प्रत्येक रेघ एका माणसाला धरून ठेवण्यासाठी होती. पण सत्याच्या पाटावर माया येऊन बसली, की सत्याला उभ्यानेच परत जावे लागते. आणि ते जाताना दार वाजवत नाही. आर्लीनला ते दुपारी पाऊण वाजता, चौथ्या मजल्यावर, कळले.

गप्प राहणे सोपे होते. सहा आठवड्यांनी केक कापला जाणार होता. मसुद्यातली ती ओळ तशीच राजधानीला गेली असती, आणि कोणाला कधीच काही कळले नसते. फक्त हेरॉन बेमध्ये एक माणूस होता, ज्याच्या तोंडी तीन वेळा न बोललेले शब्द घातले गेले होते.

"टेस्सा, बस जरा," ती म्हणाली. "तो नियम नव्हता गं. ती माझी लबाडी होती."

आणि तिने सगळे सांगितले. टेस्साचा चेहरा हळूहळू उतरत गेला. कारण दोन वर्षे खपून टेस्साने एक निबंध लिहिला होता, मे महिन्यात तो मोठ्या परिषदेत वाचायचा होता, आणि त्याचे सार असे होते की व्याजदराच्या झुळकीने शहरे हलतात, पण उत्तरेकडची छोटी गावे स्थिर राहतात.

"म्हणजे माझी स्थिर गावं..."

"ती स्थिर नाहीत, बाळ. वादळात त्यांचे फोन बंद पडतात, आणि तिथे मी रेघा मारल्या. शहरातले पडत नाहीत."

टेस्साने कपाळ टेबलावर टेकले. तशीच म्हणाली, "दोन वर्षं, आर्लीन. लग्न पुढे ढकललं मी या निबंधासाठी."

"माहीत आहे."

"होणाऱ्या सासूबाईंना सांगितलं, उत्तरेतली माणसं फार भरवशाची असतात, मी सिद्ध केलंय."

"ती आहेत भरवशाची. भरवसा माझा नव्हता."

मग टेस्साने डोके उचलले. "रेघा कुठल्या आणि ऐकलेलं कुठलं, हे आता कसं कळणार?"

"ऐकलेलं सगळं शाईत आहे. रेघा पेन्सिलीत. लबाडी करतानाही शाई वापरायचा धीर झाला नाही मला."

टेस्साच्या तोंडून हुंदका आणि हसू एकदमच निघाले. "म्हणजे वाचवता येईल. निबंध नाही, पण कार्डं." तिने घड्याळाकडे पाहिले. "मुदत पाचला. सात माणसं. तुम्ही फोन लावा. मी लिहून घेते."

आर्लीनने पेटी पुढे ओढली. पहिला फोन मोटेलवालीला, दुसरा बोटींचे धक्के बांधणाऱ्याला, तिसरा वखारीला. सत्तेचाळीस नंबरचे कार्ड ती प्रत्येक वेळी मागे सारत होती.

"हा राहिला," टेस्सा म्हणाली.

"त्याचं वय एक्क्याऐंशी आहे."

"मग?"

"पाच महिने झाले. फोन दुसऱ्याच कोणी उचलला तर?"

टेस्साने स्वतःची खुर्ची तिच्या खुर्चीजवळ आणली. आर्लीनने डोळे मिटले आणि नंबर फिरवला. घंटा वाजली. सहा वेळा, सात वेळा, आठ वेळा.

"कोण?"

"हेल्मर, मी आर्लीन. बँकेतून."

पलीकडून थट्टा आली नाही. नुसता श्वास आला. मग म्हातारा म्हणाला, "कुठे होतीस इतके दिवस, पोरी?"

"खुबा बदलून घेतला. दाराला बसवतात तसली बिजागरी बसवलीय."

"तेल घालत जा." थोडा थांबून तो म्हणाला, "मला वाटलं, तू गेलीस."

"मला वाटलं, तुम्ही गेलात."

"मी कसला जातोय? दुकानाची चावी पुतण्याला सापडत नाही अजून."

"फॉर्म का नाही भरलात?"

"डोळे अधू झालेत गं. पुतण्याने वाचून दाखवला. तीन गोल होते त्यात, एकावर खूण कर म्हणे. मी म्हटलं, गोल गप्प बसून ऐकतो का? ती बाई ऐकते. तीन मंगळवार दहा वाजता फोनपाशी बसलो. पुतण्या म्हणाला, कोणाची वाट बघताय? म्हटलं, हवामान खात्याची."

आर्लीनने कार्ड पुढे ओढले. मग आवाज सावरून तिने चारही प्रश्न विचारले, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत, जसे सव्वीस वर्षे विचारत आली होती. शेवटचा कर्जाचा. मागच्या वेळेपेक्षा सोपे, तसेच, की अवघड?

"तसं..." हेल्मर म्हणाला आणि अडखळला.

एक. दोन. तीन. टेस्साने काही विचारायला तोंड उघडले. आर्लीनने हात वर करून तिला थांबवले. चार. खुर्ची करकरली. पाच. दूर कुठे कुत्रा उठून पुन्हा बसला. सहा. सात.

"नाही," हेल्मर म्हणाला. "तसंच नाही."

आणि बांध फुटावा तसा तो बोलत गेला. गावची बँक शरद ऋतूत एका मोठ्या बँकेने विकत घेतली. आधीची व्यवस्थापक बाई दुकानात येऊन मोटारींवर हात फिरवायची आणि मग सही करायची. आता कागद तीन राज्ये ओलांडून जातात आणि तिथून नकार येतो. दर फेब्रुवारीला तो चाळीस मोटारी मागवायचा. यंदा सहा.

"कोणाला बोललो नाही मी," तो म्हणाला. "सकाळी कॉफीला सगळे भेटतो, हॉकीवर बोलतो, घरी येतो. वाटतं, म्हातारा झालो, म्हणून मलाच नाही म्हणतात." मग एकदम लहान मुलासारखा त्याचा आवाज आला. "आर्लीन, मी एकटाच आहे का गं?"

त्याच दुपारी धक्केवाला हेच सांगून गेला होता. मोटेलवालीही हेच. शब्द आर्लीनच्या जिभेवर होता. पण पेटीतले पेटीबाहेर न्यायचे नाही, एकाचे दुसऱ्याला सांगायचे नाही, या व्रतावरच तर एकशे बारा माणसे तिच्यापाशी मन मोकळे करत आली होती. मायेने एकदा मोडलेला नेम तिने आजच पाहिला होता.

"ते मला सांगता येत नाही, हेल्मर," ती म्हणाली. "पण अहवाल पंधरा दिवसांनी निघेल. उत्तरेच्या भागातली कर्जाची ओळ पुतण्याकडून वाचून घ्या. घ्याल ना?"

"घेतो. लबाड बाई आहेस."

"होते," आर्लीन म्हणाली. "आता सोडलंय."

पावणेचारपर्यंत सातांपैकी सहा जण बोलले होते. त्यांतल्या पाचांनी एकच गोष्ट सांगितली होती, आणि पाचांपैकी प्रत्येकाला ती आपल्या एकट्याची वाटत होती. टेस्साने नवी ओळ लिहिली आणि दोघी विभागप्रमुख लोवेल हाउगेन यांच्या दारात उभ्या राहिल्या. हाउगेन सज्जन, पण तोलूनमापून पाऊल टाकणारा माणूस.

"तीन अहवालांत आपण 'बदल नाही' म्हटलंय," ते म्हणाले.

"तीनदा चूक म्हटलंय," टेस्सा म्हणाली. "तीही चूक कबूल करणारी ओळ मी खाली घातलीय. आणि माझा निबंध मी परत घेतेय."

हाउगेननी चष्मा काढला. "आणि ही पद्धत आली कुठून?"

"माझ्याकडून," आर्लीनने सांगितले. "पेटी तुमच्या टेबलावर ठेवते. पेन्सिलीची प्रत्येक रेघ मी स्वतः शोधून देईन. निवृत्तीपर्यंत मला तेवढंच काम द्या."

त्यांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिले, आणि मग मसुद्याकडे. "'अनेक छोट्या व्यावसायिकांच्या मते'... हे 'अनेक' जड वाटतं मला. 'काही' करू. जपून असलेलं बरं."

आर्लीन तीस वर्षांत वरिष्ठांशी शब्दावरून भांडली नव्हती. आज ती काठी टेकत आत गेली आणि भिंतीपाशी उभी राहिली. "लोवेल, शब्दांच्या नियमांचा हा कागद तुम्हीच लावलाय इथे. वाचा बरं. दोघेतिघे असतील तर 'काही'. निम्म्याहून जास्त असतील तर 'अनेक'. नवांपैकी पाच म्हणजे किती?"

"आर्लीन, एका शब्दाने असं काय बिघडतं?"

"तिथे एक माणूस ती ओळ वाचून घेणार आहे. 'काही' ऐकलं तर तो म्हणेल, असतील कोणी दोघं. 'अनेक' ऐकलं तर..." तिने मसुद्यातल्या त्या शब्दावर बोट ठेवले. "मला फक्त खरं लिहून हवंय. जास्त नको, कमी नको."

हाउगेननी कागद वाचला. चष्मा पुन्हा चढवला. आणि 'अनेक' तसेच ठेवून खाली सही केली. तेव्हा पाचला दहा मिनिटे होती.

पुढचे सहा आठवडे आर्लीन भिंग घेऊन कार्डांवर वाकलेली असे. रेघ सापडली की त्या घरात ती शाईने लिही: ऐकले नाही. कोणी तिला शिक्षा केली नाही. तिने आपले प्रायश्चित्त आपणच मागून घेतले होते. सलग दोनदा न बोलणाऱ्याचे नाव काढण्याचा शिरस्ताही टेस्साने हाउगेनकडून बदलून घेतला. रिकाम्या घराला आता रिकामे राहण्याची मुभा मिळाली, आणि फॉर्मच्या जोडीला फोन परत आला.

एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारी सकाळी दहा वाजता फोन टेस्साच्या हातात होता. आर्लीन शेजारी, दुसऱ्या हेडफोनवर नुसती ऐकत. हेल्मरला तसे सांगितलेले होते.

"मिस्टर रास्कू, मी टेस्सा. बँकेतून."

"कुठल्या बँकेतून? बुडाली का?"

टेस्सा गोंधळली. आर्लीनने डोळ्यांनीच तिला धीर दिला.

"अजून नाही," टेस्सा म्हणाली. "बुडाली तर पहिला फोन तुम्हालाच करीन."

"चालेल ही पोरगी," हेल्मर म्हणाला. "आर्लीन, ऐकतेस ना? ओळ वाचून घेतली मी. पुतण्याकडून तीनदा. 'अनेक' लिहिलंय. मग कॉफीला गेलो आणि सगळ्यांसमोर विचारलं, इथे अनेकांपैकी कोण कोण बसलंय? आधी कोणी बोलेना. मग चार हात वर झाले. एक तर पास्टरचा भाऊ! आता आम्ही पाचजण मिळून शेजारच्या परगण्यातल्या पतपेढीत जाणार आहोत. देतील, न देतील. पण एकाच गाडीतून जाणार आहोत."

आर्लीनने तोंडावर हात धरला. तिला बोलायची परवानगी नव्हती.

टेस्साने प्रश्न विचारले. गिऱ्हाईक? तसंच. भाव? थोडे वर. माणसं? एक पुतण्या, आणि त्याला चावी सापडली. कर्ज?

"अजून अवघडच," हेल्मर म्हणाला.

टेस्सा गप्प राहिली. टेबलाखाली, गुडघ्यावर, तिचे बोट हलकेच अंक मोजत होते. तीन, चार. आर्लीन ते बोट पाहत होती; मग तिने पाहणेही सोडले आणि डोळे मिटले. पाच. सहा.

"आज पहाटे सरोवरावरचं बर्फ फुटलं," हेल्मर म्हणाला. "केवढा आवाज होतो त्याचा! दुकानाचं दार उघडं टाकलंय मी. तुम्हालाही ऐकू येतंय का बघा."

दोघींनी ऐकले. मग टेस्साने शाईचे पेन उचलले, सत्तेचाळीस नंबरचे कार्ड जवळ ओढले, आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहायला घेतले.